सातच्या भोंग्यापासून

दवाखान्याच्या बाकावर वहिनी शेजारी बसलीय. माझा नंबर चौदावा. आत्ता कुठे सहावा आत गेला.

प्रयागवहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, रुपरावची बायको. कन्हानच्या आमच्या गल्लीतली सगळ्यात कमी बोलणारी बाई. अडुसष्ट साली लग्नाला पाच वर्षं झाली होती, तरी उखाण्याशिवाय तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

त्या सकाळी खाणीचा सातचा भोंगा झाला आणि रुपराव एकाएकी वाकडा झाला. ओकाऱ्या सुटल्या. "पोट दुखून राहिलं," म्हणाला. त्याची आई म्हणाली, नळ भरले, पोटात वारा धरला. शेजारची तुळसाबाई तेल घेऊन पोट चोळायला बसली. खरी जागा त्यानं माझ्या कानात सांगितली होती, वर कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. मी शहाणा, शपथ पाळत बसलो.

दोन तासांनी वहिनीनं सगळ्यांना बाहेर काढून स्वतः पाहिलं. मग रस्त्यावर जाऊन वाळूचा ट्रक थांबवला आणि आम्हाला नागपूरला आणलं.

डॉक्टरांनी विचारलं, तर पठ्ठ्या पुन्हा "पोट"च म्हणाला. मी फरशीकडे बघत राहिलो. डॉक्टर औषध लिहायला लागले, तेव्हा भरल्या रांगेसमोर वहिनी बोलली.

"रुपराव खोटं बोलून राहिले, डाक्टरसाहेब. पोट नाही. डावं अंड सुजलं, वर चढलं. सातच्या भोंग्यापासून."

डॉक्टर उठलेच. अंडाला पीळ पडून तिथं रक्त जायचं बंद झालं होतं. "सहा तासांच्या आत आणलं म्हणून वाचलं, नाहीतर काढावं लागलं असतं," असं ते ऑपरेशननंतर म्हणाले.

रुपराव महिनाभर तिच्याशी बोलला नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

तेव्हापासून गल्लीतला कोणी अवघडून चालायला लागला की बायका तिलाच सांगतात. एकाएकी कळ आली, ओकारी झाली, तर तिचं एकच, आत्ता उठा. ताप असला, लघवीला आग होत असली, तरी त्याच दिवशी दवाखाना. तेल नाही.

माझं तर दुखतही नाही. एका अंडाला कडक गाठ लागते, जड वाटतं. दोन महिने गप्प राहिलो. काल रुपरावला सांगितलं, शपथ घालून. तो उठला आणि सरळ चुलीपाशी जाऊन तिला सांगून आला.

"दुखत नाही म्हून काय झालं, भाऊजी? उद्या सकाळीच चाला," ती म्हणाली.

चौदा नंबर. डॉक्टर विचारतात, काय होतंय? माझ्या तोंडात 'पोट' येतं. दाराशी वहिनी उभी आहे. मी मान वर करतो आणि जागा सांगतो.