आईचं नाक

माझे वडील नंदुरबारच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेले. येताना त्यांनी ग्रीक देवतेचं एक प्लास्टरचं डोकं आणलं होतं. सरळ नाक, लहान ओठ, वळणदार हनुवटी. सौंदर्य म्हणजे हे, असं ते आम्हाला सांगत.

पन्नासच्या दशकात तापीकाठच्या शेतकऱ्यांच्या घरांतून त्यांच्या लक्ष्मी-दमयंतींना फार मागणी होती. त्या चित्रांसाठी आई बसायची. दुपारची भांडी झाली की नऊवारी नेसून, कमरेवर कळशी घेऊन मागच्या पडवीत उभी राहायची. पाय भरून आले तरी हलायची नाही. चित्रात हात तिचे, खांदे तिचे, पदराची चुणीसुद्धा तिची. चेहरा मात्र प्लास्टरच्या बाईचा, वर गोरापान रंग. आईचं नाक बसकं होतं. एकदा मी विचारलं, "आईचं तोंड का नाही काढत?" वडील हसून म्हणाले, "देवीचं चित्र आहे ना, बेटा." आई कळशी ठेवून आत गेली.

मी कॉलेजात गेले तोवर वारं फिरलं होतं. मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवलेली वडिलांची दमयंती परत आली. असे गोड चेहरे आता कॅलेंडरवरच शोभतात, असं एका जुन्या मित्राने त्यांना ऐकवलं. आता हवी माती, हवीत खरी माणसं. वडील अक्कलकुव्याच्या बाजारात जाऊन डोंगरातून आलेल्या बायांची रेखाटनं करू लागले. पण घरी येऊन पाहावं तर सवयीच्या हाताने प्रत्येकीचं नाक सरळ केलेलं! ते कागद फाडत, धड जेवत नसत.

शेवटी ते आईला म्हणाले, "तू बस. या वेळी तुझाच चेहरा काढतो."

आई तांदूळ निवडत होती, तिने ताट खाली ठेवलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "तरणपनमा मन्हं नाक चालनं नही. आते कसाले जोयजे?"

वडील पुन्हा कागद फाडू लागले. असे चार-पाच दिवस गेले. मग एका दुपारी आई आपण होऊन पडवीत जाऊन बसली. त्यांची अवस्था तिला बघवली नसावी.

चित्र पुरं झालं तेव्हा आम्ही दोघी पाहायला गेलो. नाक हुबेहूब होतं. पण गाल खोल गेलेले, डोळे विझलेले, लुगडं विटकं. आईकडे तसलं लुगडं नव्हतंच. तिने आपल्या गालावरून हात फिरवला.

"मी इतली दुखी शे का?"

"चित्राला भाव लागतो," वडील पुटपुटले.

ते चित्र मुंबईत लागलं, वाखाणलं गेलं. ग्रामीण स्त्रीचं दुःख, असं त्याबद्दल छापून आलं. कितीतरी वर्षांनी वडील पोटभर जेवले, आणि मला त्यांचा आनंद पाहवेना. चित्र परतल्यावर त्यांनी ते पुढच्या खोलीत लावलं. शेजारची म्हातारी ते पाहून आईचा हात धरून म्हणाली, "काय दुखी ऱ्हायनं तुले, बाई?"

"काहीच दुखत नही," आई म्हणाली.

पुढे लोक येत, आधी चित्राकडे बघत, मग तिच्याकडे, आणि आवाज खाली आणत. ती चहाही माझ्याच हाती पाठवू लागली. एके दिवशी वडील नवा कॅनव्हास ताणत होते. त्यांनी मला विचारलं, "बसशील का?" मी नाही म्हणाले.