टँकरच्या रांगेतला खून

आजवर मी कागदावर पुष्कळ माणसं मारली. त्यातला पहिला मुडदा लातूरचा. त्याच्यावर माझा अजून जीव आहे, कारण त्या वर्षी मला सोबत अशी त्याचीच होती.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मुखेडहून मी नव्या कचेरीत कारकून म्हणून आलो. खोलीवर परतल्यावर तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. मग दुष्काळ पडला आणि, खोटं कशाला सांगू, माझं नशीब उघडलं. गल्लीत टँकर येऊ लागला. पहाटे घागरी रांगेत लावायच्या आणि टँकर येईपर्यंत किराणा दुकानाच्या पायरीवर बसायचं. दुकान एका अक्कांचं. कपाळावर भस्म, जिभेवर मिरची.

एका सकाळी मी तिथं माझी रहस्यकथा वाचायला काढली. आवाज चढवून, डोळे वटारून. कापसाच्या व्यापाऱ्याचा खून झालाय. संशय तिघांवर: बायको, मुनीम, धाकटा भाऊ. ‘खुन्यानं दोन बादल्या पाणी ओतून रक्त धुतलं,’ असं वाचलं आणि सगळी रांग खदाखदा हसली.

“दोन बादल्या?” माझ्यामागचे चाचा म्हणाले. “साहेब, खुनी हाय का कलेक्टर?”

“आमच्यातला असता तर राख टाकून मोकळा झाला असता,” अक्का म्हणाल्या. “पाणी आणलं कुठून, ते सांगा आधी.”

तोवर माझा खुनी म्हणजे नुसता एक काळा कोट होता. आता त्याला बाकीच्या दोघा संशयितांबरोबर घागर घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. जास्तीचं पाणी कशाला, म्हणून शेजारणीला थाप मारावी लागली. त्याचा खांदा दुखायला लागला. मेला, चक्क माणूस झाला!

रोज वाचन, रोज “पुढं काय?” शेवट मी कधीच लिहून ठेवला होता. पण खुनी सापडल्यावर पायरीवर मला कोण विचारणार? म्हणून मी कथा ताणली. एका साक्षीदाराला निलंग्याला लग्नाला पाठवलं आणि पंधरा दिवस परत येऊ दिलं नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी बोअरला पाणी लागलं, हापसा बसला. मीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी रांगच नव्हती. ज्याला जमेल तेव्हा तो येई, घागर भरून घरी जाई. शेवटचं प्रकरण हातात धरून मी रिकाम्या पायरीवर बसलो. दोघंतिघं “काय साहेब” म्हणाले. थांबलं कुणी नाही.

दुकानातून अक्का म्हणाल्या, “धाकटा भाऊ. हाय का न्हाई?”

माझा चेहरा पडला. “कधी कळलं?”

“रांगेत उभा केला तवाच. त्याचा खांदा दुखला तर तुम्हीच लई कळवळत होता. बाकीच्या दोघांना कधी साधा ताप बी आला न्हाई.”

“मग रोज ‘पुढं काय’ म्हणून का विचारायच्या?”

त्या डाळ पाखडत होत्या. “न्हाई विचारलं तर तुम्ही बोलला असता का कुणाशी?”

मी कागद खिशात घालून उठलो.

“कुठं निघाला? बसा. दुसरं कुणाला तरी मारा,” अक्का म्हणाल्या. “आन या वेळी खुनी बाई करा. समदी कामं आम्हीच करायची, अन् नाव तेवढं धाकट्या भावाचं!”