होमाला ड्रॉ

सर्व विद्यांचा अधिपती असलेल्या गजाननाला आणि आमच्या वस्तीच्या मंदिरात तीन मुखांनी हसणाऱ्या दत्तगुरूंना नमस्कार करून हा छोटासा वृत्तान्त लिहावयास घेतो. निमित्त थोडे विचित्र आहे. ज्याने साऱ्या आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, अशा माणसाला उतारवयात फुटबॉलच्या एका बरोबरीने काही काळ विचारात पाडले, ते कसे, एवढेच सांगायचे आहे.

पुंडलिकनगरात आमच्या घराजवळ दत्ताचे मंदिर आहे; तिथला पुजारी मी. सकाळच्या पूजेसाठी मी अंगणातील तगरीची फुले वेचत असतो, त्या वेळी फाटकाशी दोन माणसे नित्य भेटतात. एक आमचे दूधवाले. त्यांचे घराणे पाचोडकडचे, पिढीजात मेंढपाळ. भाऊबंद अजून कळप घेऊन हिंडतात, यांनी मात्र शहराच्या कडेला म्हशी बांधल्या. सारी वस्ती त्यांना ‘मामा’ म्हणते. दुसरे गृहस्थ बिडकीनचे, शेतकरी घरातले, कारखान्यात नोकरीला. कंपनीची बस येईपर्यंत फाटकाला टेकून उभे असतात. त्यांना मामा ‘भाऊसाहेब’ म्हणतात, आणि त्या म्हणण्यात आदर किती आणि चिमटा किती, हे मला अद्याप उमगलेले नाही.

त्या सोमवारी मामा किटली खाली ठेवून तावातावाने बोलत होते. “लाज वाटाया पायजे. होमला ड्रॉ! आन् ते बी असल्या टीमसंगं!”

मी फुले वेचता वेचता थांबलो. दत्तजयंतीच्या होमाची जुळवाजुळव मंदिरात चालली होती आणि यजमानपदासाठी अनेक जोडप्यांनी इच्छा कळवली होती. ड्रॉ म्हणजे सोडत, भिशीत चिठ्ठी उचलतात ती, हे मला ठाऊक होते. तेव्हा होमाच्या यजमानपदाची सोडत मला न विचारताच काढली गेली, असा माझा सरळ समज झाला. मी जवळ जाऊन शांतपणे विचारले, “यजमान कोण निघाले?”

दोघेही माझ्याकडे पाहत राहिले. मग भाऊसाहेबांना हसू अनावर झाले. मामांनी पदराप्रमाणे उपरणे तोंडाला लावले. “गुरुजी, ह्यो त्यो होम नव्हं. होम म्हंजी आपलं गावठाण. आपलं मैदान.”

असा माझा फुटबॉलमध्ये प्रवेश झाला. वस्तीच्या तरुणांचा एक संघ आहे, तो आसपासच्या जिल्ह्यांतील संघांशी खेळतो, आणि ही दोन माणसे त्याचा एकही सामना चुकवत नाहीत, हे मला शेजारी राहून कळलेले नव्हते. आदल्या दिवशी आपल्याच मैदानावर एक-एक अशी बरोबरी झाली होती.

“मग बरोबरीत दुःख कसले?” मी विचारले. “कोणीच हरले नाही.”

“तेच तर,” भाऊसाहेब म्हणाले. “हाच एक-एक तिकडं जालन्यात झाला असता, तर मामांनी पेढे वाटले असते.”

“वाटलेच असते! बाहेरचा ड्रॉ म्हंजी कमाई. घरचा ड्रॉ म्हंजी चोरी. आपल्याच घरात, आपल्या डोळ्याम्होरं.”

एकच संख्या, आणि स्थळ बदलताच फळ पालटते! संकल्पात देश आणि काल यांचा उच्चार आधी का करावा लागतो, हे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवले; त्याचे इतके रोकडे उदाहरण मला कधी सुचले नव्हते. मी फुलांची परडी ओट्यावर ठेवली आणि विचारले, “चोरी कोणी केली?”

“कोचनं!” मामा म्हणाले.

“अजिबात नाय,” भाऊसाहेब म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांची बस आली.

कोच म्हणजे संघाचे मॅनेजर. ते जुन्या शहरात राहतात. डावपेच आखणारे तेच, पोरांना पळवणारे तेच, आणि सामना संपल्यावर गोलाची जाळी गुंडाळून रिक्षात घालणारेही तेच. आपला संघ एका गोलाने पुढे होता. सामना संपत आला असता कोचनी गोल करणाऱ्या मुलालाच, म्हणजे फॉरवर्डला, बाहेर बोलावले आणि त्याच्या जागी बचाव करणारा आणखी एक खेळाडू उतरवला. त्यानंतर समोरच्यांनी गोल फेडला. संघाचे चाहते दोन तटांत विभागले: कोचना काढा म्हणणाऱ्यांचे पुढारी मामा, ठेवा म्हणणाऱ्यांचे भाऊसाहेब. कोचनी स्वतःच निरोप धाडला होता की, माझ्यावर भरवसा नसेल तर शनिवारी सर्वांनी मिळून सांगा; मी शिट्टी ठेवून घरी जातो. ज्या कोचना तो संघ दुसऱ्या घरासारखा होता, त्यांना त्या घरातून बाहेर काढायचे की नाही, असा तो प्रश्न होता.

एरवी ही मंडळी चहाच्या टपरीपुढे जमत. पण तिथला रस्ता नळाच्या कामासाठी खोदलेला होता. म्हणून मामा माझ्याकडे सभामंडप मागावयास आले. मी दोन अटी घातल्या. पहिली, देवापुढे शिवी नको.

“लई अवघड घातली गुरुजी,” मामा म्हणाले. “दुसरी सोपी ऱ्हाऊ द्या.”

दुसरी अट आमच्या पाठशाळेतली होती. तिथे वादाला बसले की प्रतिपक्षाचे म्हणणे आधी आपण मांडायचे. तेही असे, की प्रतिपक्षाने मान हलवून ‘हो, हेच’ म्हणावे. त्यानंतरच खंडनाला तोंड उघडायचे. मामांनी अट ऐकली, डोके खाजवले आणि म्हणाले, “म्हंजी आधी त्याचं दूध आपन काढायचं, आन् मंग नासवायचं.” हे काही माझ्या गुरूंना रुचले नसते, तरी मी मान डोलावली.

शनिवारी सायंकाळच्या आरतीनंतर मंडप भरला. मागच्या खांबाशी एक प्रौढ, सडपातळ गृहस्थ चपला पायरीखाली नीट जुळवून ठेवून येऊन बसले. तेच कोच, हे मला नंतर भाऊसाहेबांनी कानात सांगितले. कोणी त्यांच्याकडे थेट पाहत नव्हते.

हार करून उरलेली फुले कोपऱ्यात होती. भाऊसाहेबांनी माझी परवानगी घेऊन ती फरशीवर मांडली: आपले खेळाडू झेंडू, समोरचे पांढरी शेवंती, आणि चेंडू म्हणून एक सुपारी. फरशीच्या रेघांनी मैदानाचे काम आपोआप केले. मी चष्मा पुसून पुढे सरकलो. खरे सांगतो, चौरंगावर नवग्रह मांडतानाही मला इतके कुतूहल वाटल्याचे स्मरत नाही.

“मामा, आपण आधी,” मी म्हणालो. “कोचांचा पक्ष सांगा.”

“कोचचं म्हननं असं,” मामा उभे राहिले, “की त्याला काय बी कळत नाय.”

मंडप हसला. “हे खंडन झाले,” मी म्हणालो. “पक्ष सांगा.”

“बरं. कोचचं म्हननं, मागं मानसं वाढवली की गोल बसत नाय.”

भाऊसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. “अर्धंच झालं. बसतोच की. सगळे मागं असले तरी बसतो.”

“आरं मंग तूच सांग की, भाऊसाहेब!”

“नाय. गुरुजींनी तुम्हाला सांगितलंय.”

मामांनी फुलांवरून एकवार नजर फिरवली. मागून कोणीतरी म्हणाले, “मामा, म्हशी वाट बघायल्यात.” त्यांनी लक्ष दिले नाही. मग वेगळ्याच, खालच्या आवाजात म्हणाले, “दिवस कलला की चांगलं गवत म्होरं दिसलं तरी मेंढरं तिकडं न्यायाची नसत्यात. असंल त्या पोटानं गोळा करायची आन् वाडग्यात, काट्याच्या कुंपनात घालायची. चाऱ्यापायी म्होरं गेलं, की चार लांडग्याला जात्यात. पोरं दमली व्हती. कोचला दिवस कललेला दिसला. म्हून त्यानं वाडगं लावलं.”

भाऊसाहेब म्हणाले, “व्हय. हेच. मला बी इतकं नीट बोलता आलं नसतं.”

खांबाशी बसलेल्या गृहस्थांनी प्रथमच मान वर केली.

आता पाळी भाऊसाहेबांची. त्यांनीही सुरुवात सोप्या वाटेने केली. “मामांचं म्हणणं असं, की लाडक्या पोराला बाहेर काढलं म्हणून राग आला.”

“कोन लाडका? माझा काय सोयरा लागतो का त्यो?”

“मग रोज अर्धा लिटर दूध फुकट कोण देतं त्याला?”

“अंगात ताकद यावी म्हून देतो! त्याचा ह्याच्याशी काय संबंध?” मामा माझ्याकडे वळले. “गुरुजी, ह्यानं अट मोडली का नाय?”

मोडली होती. भाऊसाहेबांनी कान पकडले, खाली बसले आणि सर्वांत पुढचा झेंडू उचलून हातात धरला. त्याच्या आजूबाजूला शेवंतीची दोन फुले होती. त्यांच्याकडे पाहत ते थांबले. “एक मिनिट,” ते स्वतःशीच पुटपुटले. “हे दोघं आपल्या फॉरवर्डला धरून होते. सामनाभर. तो निघून गेला, तर यांनी धरायचं कोणाला?” त्यांनी ती दोन्ही शेवंतीची फुले हळूहळू सरकवत आपल्या गोलापर्यंत आणली. “मग हे दोघं बी वर आले. आपण मागं एक माणूस वाढवला, त्यांनी पुढं दोन वाढवले. मामा, तुमचं म्हणणं हे हाय का?”

“व्हय,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज विजयाचा नव्हता, आश्चर्याचा होता. “हेच. मला नुसतं दिसत व्हतं, सांगता येत नव्हतं. वाडग्याचं दार लावलं ते बरोबर. पन कुत्रं आत बांधलं. लांडगं कुत्र्याच्या भ्यानं लांब असत्यात.”

मला त्या घटकेस जे जाणवले ते लिहून ठेवतो. दोघांनी एकमेकांचे बोलणे मांडले, आणि दोघांनाही आपापला पक्ष दुसऱ्याच्या तोंडूनच नीट कळला. हा नियम मी शंभर वेळा घोकून घेतला असेल. मला वाटे की तो प्रतिपक्षाच्या सन्मानासाठी आहे. तो आपल्या स्वतःच्या उजेडासाठीही असेल, ही शक्यता मला त्या मंडपात प्रथम दिसली.

“चला, हात वर करा आता,” मागून कोणीतरी अधीरपणे म्हणाले. “कोच ठेवायचा का काढायचा?”

“थांब रे,” मामा म्हणाले. कोचना काढायची मागणी मुळात त्यांचीच होती, आणि त्यांनीच ती अडवली. ते खांबाकडे वळले. “कोच, एक इचारतो. उद्या एका गोलानं वर असलो आन् पोरं दमली, तर काय करशाल?”

कोच उठले, फुलांपाशी येऊन बसले. भाऊसाहेबांच्या हातातला झेंडू त्यांनी मागून घेतला. “वाडगा तो मैं लगायाच था, मामू,” ते आपल्या दख्खनी बोलीत म्हणाले. “पर कुत्ते की बात मेरे ध्यान में नई आई.” त्यांनी तो झेंडू पुन्हा अगदी पुढे ठेवला नाही, मैदानाच्या मध्यरेषेवर, एका कडेला ठेवला. मधला दुसराच एक झेंडू उचलला आणि त्याच्या जागी बचावाचा खेळाडू बसवला. “इसकू इधर रखूँगा. दौड़ने का नई, सिरफ खड़े रहने का. वो दोनों डर के पीछे रहेंगे.”

मामा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. त्यांनी मांडणी एका बाजूने पाहिली, मग दुसऱ्या बाजूने. “मंग हात कशापायी वर करायचे?” ते म्हणाले.

तरी काहींनी केले. मतभेद मंत्रासारखा एका उच्चाराने विरत नाही. पण ते थोडे होते. कोच राहिले. जाताना त्यांनी विचारले, “गुरुजी, ये फूलों का क्या करूँ?” मी म्हणालो, “राहू द्या, सकाळी बघू.” खरे तर मला ती मांडणी एकट्याने पुन्हा एकदा पाहायची होती.

दुसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन मैदानावर गेलो. माझ्यासाठी कोणीतरी खुर्ची आणली. आपल्या संघाने गोल केला, तेव्हा मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच पायाला हात लावून क्षमा मागितली. अखेरीस पोरे दमली. सर्वांच्या नजरा कोचकडे गेल्या. फॉरवर्ड मध्यरेषेच्या कडेला उभाच राहिला, आणि खरोखर समोरचे दोन खेळाडू त्याला सोडून पुढे येईनात. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो; शेवंतीची दोन फुले मला प्रत्यक्ष दिसत होती.

आणि मग एक साधा, उंच आलेला चेंडू आमच्या गोलरक्षकाच्या हातांतून निसटला आणि जाळीत गेला. शिट्टी वाजली. एक-एक.

मामांनी उपरणे झटकून खांद्यावर टाकले. मग म्हणाले, “गुरुजी, होमला परत ड्रॉ.”

“यजमान कोण निघाले?” मी विचारले.

“ह्या खेपंला गोलकीपर!”

भाऊसाहेबांनी त्यांचा हात धरला. “मामा, खंडन नंतर. आधी गोलकीपरचं म्हणणं सांगा.”

मामांनी कपाळावर हात मारला. पण ते वळले, मावळतीकडे तोंड केले, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि पुटपुटले, “आता, त्याच्या डोळ्यात ऊन येत व्हतं, ह्ये बी खरं हाय...” पलीकडे कोच जाळी सोडवत होते. ते थांबून ऐकू लागले.

वाचकहो, आपल्या देवघरातील दिवा शांत तेवत राहो. आपल्या घरी मतभेद होतील तेव्हा समोरच्याचे म्हणणे प्रथम आपल्या मुखी येवो, आणि ते ऐकून त्याने ‘व्हय, हेच’ म्हणावे, असे भाग्य आपल्या घरातील थोरामोठ्यांना, लेकरांना आणि सुनाजावयांना लाभो. दत्तगुरू आपले कल्याण करोत.