परका कोणी नाही

आमच्या गल्लीत हार्मोनियम शिकवणारे एक मास्तर राहतात. रागावले की बोलताना बोटांनी टेबलावर ठेका धरतात, आणि बहुतेक वेळा ते रागावलेलेच असतात. तरुणपणी त्यांनी नाशिकवर एक गाणं केलं होतं, 'माझ्या गावात परका कोणी नाही'. ते अजून समारंभांतून वाजतं. कोणी स्तुती केली की म्हणतात, "बावीस वर्षांचा होतो. गाव पाहिलंच नव्हतं, नुसतं गायलो."

गेल्या महिन्यात त्यांच्या सत्काराला लोकांनी तेच गाणं मागितलं. मास्तरांनी शेजारच्या तबलजीकडे बोट दाखवलं. "हा सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा. दोन महिने खोली शोधतोय. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असते. इथे कोणी देतंय का? हात वर करा, मग गातो."

सभागृहात कोणी हललं नाही. मास्तरांनी पेटी मिटली, सत्काराची शाल खुर्चीवर ठेवली आणि तबलजीला घेऊन निघून गेले.

मला त्यांचा भयंकर राग आला. चारचौघांत असं विचारतात का? माझी वरची खोली दिवाळीपासून रिकामी होती.