रेतीतले नातेवाईक

वर्गात कोणी नवं आलं की आमचे प्राणिशास्त्राचे साहेब एक अरुंद बाटली खिडकीच्या उजेडात धरायचे. "सलाम करो. आपल्याच खानदानातले आहेत. पाठीचा कणा तेवढा घ्यायचा राहून गेला."

आत स्पिरिटमध्ये बोटाच्या दोन पेरांएवढे, दोन्हीकडं निमुळते, फिकट प्राणी. ॲम्फिऑक्सस. समुद्राच्या रेतीत अंग पुरून तोंड तेवढं बाहेर ठेवणारे. साहेबांनी ते तरुणपणी मद्रासच्या किनाऱ्यावर स्वतः उकरले होते. औरंगाबादेत दुसरे कुठून येणार?

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा उन्हाळा. हद्दीवर नाकेबंदी, स्पिरिट येईना, बाटली आटत चालली. मी साहेबांच्या हाताखाली प्रयोगशाळेत होतो. एक दिवस ते हळूच म्हणाले, "मियाँ, दारूत ठेवून बघू."

आम्ही दोघं दारूच्या दुकानात. ते पाच वेळचे नमाजी, मी माळकऱ्याचा मुलगा. दुकानदारानं मोहाची बाटली पुढं केली. "घोटभर चाखा की साहेब. लई कडक हाय."

"मेरेकू नक्को. तुम चखो, मियाँ."

"साहेब, माझ्या घरी कळलं तर?"

दुकानदार हसला. "पीत नाय तर घेता कशाला?"

"घरात बुजुर्ग आहेत," साहेब गंभीरपणे म्हणाले.

चाखली असती तर कळलं असतं, त्यात निम्मं पाणी होतं. बाटलीत ओतली ती मीच. आठवड्यात आतलं सगळं गढुळलं. साहेबांनी मलमलीतून गाळून पाहिलं. फडक्यावर नुसता बुळबुळीत थर. ते बराच वेळ बोटानं चाचपत राहिले. मला म्हणाले, "तेरी गलती नाय, बाबा." त्यानं माझं ओझं वाढलंच.

पुढं राज्य गेलं, गाड्या सुरू झाल्या. दाढीवाल्या माणसानं एकट्यानं फिरावं असे ते दिवस नव्हते. साहेब मात्र खुरपं आणि पत्र्याचा डबा घेऊन स्टेशनावर. "मद्रासला जाऊन आणतो. नाहीतर पोरांना दाखवू काय?"

"नका जाऊ, साहेब," मी म्हणालो. पण कसं म्हणालो? त्यांना ऐकून न ऐकल्यासारखं करता यावं, इतपतच. मलाही ती बाटली पुन्हा भरलेली हवी होती. आज हे लिहून टाकतो.

ते परत आले नाहीत. कुठल्या स्टेशनापर्यंत पोचले, तेही कळलं नाही.

त्यांची बेगम कधीमधी प्रयोगशाळेच्या दाराशी यायची. रडायची नाही. एकच विचारायची, "भाई, समुंदर कित्ता दूर है?"

मी तोवर समुद्र पाहिलेलाच नव्हता. "लांब आहे, भाभी," म्हणायचो. तेवढं ऐकून ती घरी जायची.