चौथ्या सिलिंडरची हवा

दत्ताराम गेल्याचं मला मंडईत कळलं. भाजीवालीने वजन करता करता विचारलं, "सर, तुमचा तो इंजिनवाला गेला ना हो आज पहाटे? हार्टफेल म्हणतात..." मी भाजी न घेताच घरी आलो. अंत्ययात्रेला गेलो, पण सगळ्यात मागून चाललो. पुढे जायची लाज वाटत होती. ती का वाटत होती, ते आज सहा आठवड्यांनी लिहितो आहे, आणि महाड-पोलादपूरच्या लोकांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

दत्ताराम मूळचा वरंधचा, शाळा नववीपर्यंत. महाडला नाक्याजवळ त्याचं गॅरेज होतं आणि मी तिथून जवळच्याच तंत्रविद्यालयात इंजिनं शिकवायचो. मी फळ्यावर आकृती काढून जे समजावायचो ते तो नुसता बॉनेटवर तळहात ठेवून सांगायचा. मला त्याचं कौतुक होतं आणि, आता खोटं कशाला बोलू, थोडं खुपतही होतं. तो मात्र कुठलंही अवघड काम आलं की मला बोलावणं पाठवायचा. "सर हायत ना, त्यांना इचारू," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

असंच एक काम पोलादपूरच्या एका हॉटेलवाल्या शेठचं आलं. भरलेली गाडी घाटात धापा टाकते, तिला टर्बो बसवून द्या, म्हणाले. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. गाडी साधी, मुळात स्वतःच हवा ओढून घेणारी, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखंच पेट्रोल फवारणारी. प्रश्न राहिला मॅनिफोल्डचा, म्हणजे आलेली हवा चार सिलिंडरना वाटून देणाऱ्या नळ्यांचा. कंपनीचा आहे तोच ठेवायचा की नवा बनवायचा?

दत्तारामने जुना मॅनिफोल्ड उलटा टांगला, चार तोंडांखाली सलाईनच्या चार रिकाम्या बाटल्या लावल्या आणि टर्बोची हवा जिथून शिरणार होती तिथून जोरात पाणी सोडलं. चौथी बाटली सगळ्यांच्या आधी भरली. त्याने तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

"शेवटच्याला जास्त हवा जाणार, सर. पेट्रोल तेवढंच ऱ्हाणार. हवेला पेट्रोल कमी पडलं की आग जास्त तापती. पिस्टन जळंल. ह्यो नको. मी मोठ्या पोटाचा नवा करतो, चारी नळ्या सारख्या."

मी हसलो. विद्यार्थ्यांसमोर हसतात तसा. "दत्ताराम, पाणी म्हणजे हवा नव्हे. दाब सगळीकडे सारखाच असतो. कंपनीचे इंजिनिअर काय वेडे होते? हाच ठेव." खरं तर ते इंजिनिअर वेडे नव्हतेच. त्यांनी तो मॅनिफोल्ड टर्बोसाठी बनवलाच नव्हता, एवढं साधं मला सुचलं नाही. दत्तारामने चौथी बाटली सोडवून तिच्यातलं पाणी ओतून दिलं. मग म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर ठेवतो." त्याच्या लेखी माझा शब्द म्हणजे पुस्तकाचा शब्द होता. पुस्तकाने बाटलीला हरवलं.

वरंध घाटाच्या तिसऱ्या फेरीला इंजिन गेलं. गाडी ओढत आणली, दत्तारामने नाक्यावरच सगळ्यांसमोर ते खोललं. चौथ्या पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक. शेठ जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. पंधरा-वीस माणसं जमली होती आणि मी त्यांच्यात उभा होतो. दत्तारामने एकदा माझ्याकडे पाहिलं... एकदाच. मग खाली बघून म्हणाला, "माझ्या हातचं काम हाय, शेठ. माझी चूक." आणि मी मूग गिळून गप्प बसलो. उद्या वर्गात कोणत्या तोंडाने उभा राहू, एवढंच डोक्यात होतं.

त्यानंतर त्याच्याकडे कुणी इंजिन उघडायला दिलं नाही. पंक्चर, ग्रीस, ऑइल बदलणं, यात त्याने आठ वर्षं काढली. मी माझी स्कूटर दुसऱ्या गॅरेजात द्यायला लागलो. समोर आला तर नमस्कार करायचा, मी घाईत असल्यासारखा पुढे जायचो. भित्रेपणाला दुसरं नाव नाही.

तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. गॅरेजच्या मागेच घर. त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, सगळं सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाय, भाऊजी. त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांनी."

"मग तो कधी कुणाला बोलला कसा नाही?"

"म्हनायचे, सर येतील, सोताच सांगतील. रविवारी गॅरेज बंद असायचं, तरी दुपारी अर्धं शटर वर करून बसायचे. कुनाची वाट बघताय म्हनलं, तर म्हनायचे, सरांना रविवारची सुट्टी असते."

माझं घर तिथून चार मिनिटांवर आहे. मला रडू आलं, आणि वहिनी तांदूळ निवडत राहिल्या. उठताना मी हात जोडून माफी मागितली. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"मला सांगून काय व्हनार, भाऊजी? मला ठावं व्हतंच. ते नाक्यावर बोलले, तुम्ही नाक्यावर सांगा."

त्या दिवशी नाक्यावर जे उभे होते त्यांच्यासाठी लिहितो. तो मॅनिफोल्ड मी निवडला होता. दत्ताराम नको म्हणाला होता.