फाट्यावरचं पाचवं नाव

ताडकळसहून परभणीला जाताना आमच्या फाट्यावर हुतात्म्यांचा दगड होता. रझाकारांनी मारलेल्या पाच जणांची नावं त्यावर कोरलेली. पाचवं नाव आमच्या गावच्या सरजाबाईंच्या सासऱ्यांचं. रानात लपलेल्या चौघांना ते भाकरी पोचवायचे, म्हणून तेही सापडले. गोळ्या घातल्या तेव्हा पाचही जण एकाच ओळीत उभे होते. दगड उभारताना मात्र गावाला जात आठवली, आणि त्यांचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात गेलं.

दर सप्टेंबरला मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी सरजाबाई त्या दगडाला चुना द्यायच्या. माझं दुकान समोरच, त्यामुळे लहानपणापासून बघत आलोय. वर त्यांचा हात एकदाच फिरायचा. खालच्या ओळीवर मात्र दोनदा, तीनदा. माया, दुसरं काय. त्या मायेनेच घात केला. थरावर थर बसले आणि ते बारीक नाव बुजून गेलं. त्यांना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते दगडापुढे भाषण ठोकून चहाला जायचे.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. दगड हलवून नवा, चकचकीत काळा दगड बसवायचं ठरलं. गुत्तेदाराचा माणूस नावं उतरवून घ्यायला आला, तेव्हा मी नेमका माल आणायला परभणीला गेलेलो. त्याला चारच नावं दिसली.

"खाली अजून एक हाय," सरजाबाई म्हणाल्या.

"काय नाव, मावशी?"

सरजाबाईंनी पदर पुढे ओढला. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. छप्पन साली धम्म घेतला, घरातले देव गेले, ही रीत तेवढी चिकटून राहिली. उभ्या जन्मात त्यांनी 'मामंजी' याच्यापुढे शब्द काढला नव्हता. घरातही सगळे तेच म्हणायचे.

"आमचे मामंजी," त्या म्हणाल्या. "चुना खरवडा, दिसंल."

"उद्या खरवडू."

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं आणि दगड फुटून पुलाच्या भरावात गेला.

मला कळलं तसा मी माजी सरपंच दत्तरावांकडे गेलो. नव्या दगडाचा खर्च त्यांचा. ते म्हणाले, "आता कोरून झालं, बसवंतराव. जागा उरली न्हाई."

जागा होती. मुक्तिदिनाला पडदा सरकला आणि मला ती दिसली. चार नावांखाली, त्यांच्याहून ठळक अक्षरात: सौजन्य, दत्तराव, माजी सरपंच.

माइकवरचा माणूस एकेक नाव पुकारत होता, लोक 'अमर रहे' म्हणत होते. वाचण्याच्या भरात तो खालचीही ओळ वाचून गेला. लोकही भरातच होते. खुर्चीत बसलेले दत्तराव जिवंतपणी अमर झाले. लोक हसले, तेही हसले. माझ्या अंगाची आग झाली.

सरजाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सिताराम," त्या म्हणाल्या. आवाज लय बारीक. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "सिताराम."

कुणी 'अमर रहे' म्हटलं नाही. माइकवाल्याने नारळ मागवला.

शेजारी त्यांची नात सुकेशनी बसली होती. परभणीला नोकरी करते, शहाणी पोरगी. लोक बघायला लागले तशी ती ओशाळली आणि तिने आजीचा हात धरून खाली ओढला.

"आजी, बस ना," ती म्हणाली. "कोण सिताराम?"